टेल आधी

साळवेकाकांच्या निळ्या सॅकची चेन तुटलेली आहे आणि ती सॅक दोन सेफ्टी पिनांवर तग धरून आहे. त्यातली वरची पीन गंजली आहे. डाव्या पट्ट्यावर कुठल्याशा लग्नातल्या हळदीचा डाग आहे, तो काही केल्या जात नाही. हे सगळं मी डोळे मिटून सांगू शकते, कारण पाच वर्षं दर रविवारी डोंगर हिंडूनही मी डोंगर असा फारसा पाहिलेलाच नाही. मी साळवेकाकांची पाठ पाहिली आहे. आणि याला जबाबदार एकच माणूस, रंगनाथ औताडे, म्हणजे आमचे अप्पा.

मी शाळेत पी.टी. शिकवते. शिट्टी वाजली की पळायचं, आणि पळायचं ते पहिलं येण्यासाठी, एवढंच तत्त्वज्ञान मला येतं. चालण्यात आमच्या पडेगावच्या कॉलनीत माझा हात धरणारं कोणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, दुःख म्हणून सांगते आहे. अशा बाईला या माणसानं पाच वर्षं सगळ्यांत मागे चालवलं.

सुरुवात साधी झाली. कॉलनीत राहायला आले तेव्हा दर रविवारी उजाडताना तीन माणसं फाटकातून बाहेर पडताना दिसायची. पुढे मुश्ताकभाई. त्यांचं स्टेशन रोडला टेलरिंगचं दुकान, आणि दुकानात बसून बसून पोट असं सुटलेलं की स्वतःच्या पँटचं माप ते स्वतः घेऊ शकत नाहीत, हे त्यांचंच म्हणणं. त्यांच्या मागे अप्पा, उंच, काटकुळे, हातात मिटलेली काळी छत्री. आणि शेवटी साळवेकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. एका रविवारी मी फाटकात त्यांना गाठलं आणि म्हटलं, मलाही यायचंय.

अप्पांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. “चालता कशा?”

“झपाझप,” मी म्हटलं. वाटलं, खूश होतील.

“आसं का? मग तुमी सगळ्यात मागं,” अप्पा म्हणाले आणि छत्रीच्या टोकानं माझी जागा दाखवली.

नियम असा होता. निघण्यापूर्वी अप्पा विचारायचे, “आज टेल कोन?” मग प्रत्येकानं खरं सांगायचं, झोप झाली का, गुडघा काय म्हणतो, पोट साफ आहे का. ज्याची अवस्था सगळ्यांत वाईट, तो टेल. टेल सगळ्यांत पुढे चालणार, त्याच्या मागे दुसरा हळू, त्याच्या मागे तिसरा, आणि जो झपाझप चालतो तो शेवटी. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही, ढकलायचं नाही, “चला चला” म्हणायचं नाही. आणि टेल जिथे थांबला तिथे सगळे थांबले. टेल परत फिरला तर सगळे परत. टेल बहुतेक वेळा मुश्ताकभाईच असायचे. प्रश्न विचारायच्या आतच त्यांचा हात वर असायचा.

हे खूळ कुठून आलं, ते पुढे कळलं. अप्पांची सगळी नोकरी पैठणच्या धरणाच्या कालव्यावर गेली. कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी सुटलं की पहिलं रान लागतं ते हेडवाल्याचं, म्हणजे वरच्या तोंडाशी असलेल्याचं. तो पोटभर घेतो, मग जरा जास्तच घेतो, आणि पार शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, पोचेपर्यंत चारीत, म्हणजे शेताकडच्या पाटात, नुसता ओलावा उरतो. म्हणून पाण्याची पाळी टेलपासून द्यायची असते. आधी शेवटच्या रानाला, मग वर वर येत हेडला. कागदावर हे सगळीकडेच असतं. अप्पा ते जमिनीवर करायला जायचे, आणि निवृत्तीनंतर कालवा सुटला तरी ते सुटलं नाही.

“टेलला पानी पोचलं नाय ना मॅडम,” ते म्हणायचे, “तर कालवा कोरडाच धरायचा. मधी कितीबी पानी दिसूं द्या.”

हा माणूस तसंच जगायचा, आणि त्याचा त्रास इतरांना व्हायचा. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, त्यामुळे टँकर. माझं घर फाटकाला लागून. टँकर माझ्या दारावरून जायचा आणि पहिला पाइप लागायचा शेवटच्या गल्लीत, कारण अप्पा ड्रायव्हरशेजारी बसून त्याला तिथे घेऊन जायचे. मी रिकाम्या बादल्या घेऊन उभी, आणि माझ्यासमोरून पाणी डुचमळत निघून जातंय. मी एकदा भांडले. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं घर हेडला हाय. तुमाला पानी मिळनारच हाय, फकस्त मागून.” भांडायलाही समोरच्यानं थोडं चुकावं लागतं.

साळवेकाकांच्या मुलीच्या लग्नात तर कहर केला. स्वतः जेवेनात. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, हे आपले भांड्यांपाशी छत्री टेकून उभे. आचारी चिडला. “आवो बाबा, बसा की जेवायला, कामून डोक्यावर उभं ऱ्हायलेत?” अप्पांनी जिलबीचं एक घमेलं पायाशी ओढून घेतलं आणि सांगितलं, हे शेवटच्या पंगतीचं, याला हात लावायचा नाही. शेवटच्या पंगतीत मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया आणि बँडवाले होते. त्यांच्या पानात जिलबी पडली तेव्हा अप्पा त्यांच्यात बसले. मुलाकडचे एक पाहुणे मात्र दुसऱ्यांदा जिलबी मिळाली नाही म्हणून रुसले, आणि साळवेकाकांना त्यांची समजूत काढत बसावं लागलं.

छत्रीचं सांगायचं राहिलं. ती बाराही महिने हातात असायची आणि पावसातही उघडायची नाही. तिनं बोरीची फांदी वाकवायची, कुत्रं हाकलायचं, दिशा दाखवायची. एकदा सगळे ओलेचिंब झालेलो असताना मी म्हटलं, “अप्पा, छत्री उघडा की.” म्हणाले, “उघडली की काड्या मोडत्यात.”

रविवारी आमची नेहमीची चाल शरणापूरच्या गडापर्यंतची. पण मनात एक मोठी चाल होती. पडेगावहून दौलताबाद, घाट चढून खुलताबाद, आणि तिथून पुढे म्हैसमाळ. सगळं पायी, एका दिवसात. हा बेत मूळचा अप्पांचाच. मला वाटायचं, मी एकटी निघाले तर दुपारी जेवायला वर असेन. पण एकटी जाण्यात काय मजा? आणि खरं सांगायचं तर मला त्या तिघांच्या देखत पोचायचं होतं.

पहिल्यांदा निघालो ते दिवाळीच्या आधी. हवा छान, रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्यांच्या पाट्या लागलेल्या. पण मुश्ताकभाई टेल. ते चार पावलं चालत, एक गोष्ट सांगत, आणि गोष्ट सांगताना थांबत, कारण चालत बोललं की त्यांना धाप लागते. समोर दौलताबादचा किल्ला दिसत होता आणि तो जवळच येईना. साळवेकाकांच्या त्या सेफ्टी पिनेकडे बघून बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका वळणावर मी सरळ तिघांना ओलांडलं आणि सुटले. काय पाय चालले सांगू! किल्ल्यापाशी येऊन एका टपरीवर चहा मागवला आणि विजयी मुद्रेनं वाट बघत बसले.

चहा संपला. दुसरा संपला. टपरीवाल्यानं विचारलं, “मॅडम, कोनी यायचं हाय का?” म्हटलं, येतच असतील. ते येईनात. शेवटी जीव घाबरा झाला, मुश्ताकभाईंना काही झालं की काय म्हणून मी उलट पावली धावत निघाले. बरंच मागे एका लिंबाखाली तिघे आरामात मांडी घालून बसले होते. मध्ये सीताफळांची पाटी, भोवती बियांचा सडा.

“काय झालं? बसलात का?” मी ओरडले.

“कालवा फुटला होता,” अप्पा म्हणाले. “पानी पुढं निघून गेलं. म्हनलं, फूट बुजेपर्यंत बसू.” आणि एक पिकलेलं सीताफळ माझ्यासमोर धरलं. “घ्या. तुमच्यासाठी ठेवलंय. मागून, पन ठेवलंय.”

मी ते सीताफळ रागानं खाल्लं. गोड होतं, त्यानं आणखीच राग आला. त्या दिवशी किल्ल्यापासूनच परत फिरलो.

पुढच्या वर्षी खुलताबादपर्यंत गेलो. मी तोंडातून ब्र काढला नाही, शेवटच्या जागी निमूट चालले. घाटातल्या जुन्या दरवाजातून वर आलो, मुश्ताकभाई एका दमात घाट चढले म्हणून अप्पांनी छत्री उंचावून दाखवली. आता म्हैसमाळ कुठे लांब आहे, असं मला वाटायला लागलं. आणि खुलताबादच्या वेशीपाशी मुश्ताकभाईंच्या बुटाचा तळ सुटून पुढून जिभेसारखा लोंबायला लागला. गावात दुकानं होती, पण त्यांच्या पायाचं माप एकाकडेही नव्हतं.

“अप्पा, तुम लोगां जाव,” मुश्ताकभाई दर्ग्याजवळच्या कट्ट्यावर बसून म्हणाले. “मैं इधरीच बैठता. आरामसे चाय पीता. सच्ची.”

मला वाटलं, देवच बोलतोय. माणूस स्वतः सांगतोय, आनंदानं सांगतोय, चहा पीत बसतोय. मी अप्पांकडे आशेनं पाहिलं. अप्पांनी जीपच्या थांब्याकडे छत्री केली.

जीपमध्ये मी बोललेच. “हे काय आहे अप्पा? ते स्वतः म्हणाले ना, जा म्हणून!”

“टेलवाला कायम म्हनतो, जाऊं द्या,” अप्पा म्हणाले. “त्याला सवय आसती.”

यावर मुश्ताकभाई खिडकीबाहेर बघायला लागले. मी आतून धुमसत होते. तुमच्या नियमात न्याय असेल हो, पण आम्ही म्हैसमाळला कधी जाणार, याचं उत्तर त्यात कुठे होतं?

त्या दिवशी उतरल्यावर साळवेकाका मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि एरवी न बोलणारा माणूस बोलला. त्यांच्या भावाचं रान टेलला होतं. पाणी यायचं ते बातमीत. एका रब्बीला अप्पा नवे निरीक्षक म्हणून आले, ते वरच्या गेटवर न जाता थेट यांच्या बांधावर येऊन बाभळीखाली बसले. हेडच्या बागायतदारानं खुर्ची पाठवली, ती नको म्हणाले. मग माणसं पाठवली, ती ताडताड बोलून गेली. साळवेकाकांच्या आईनं तुपाची भाकरी आणली तर म्हणाले, “माय, पानी आल्यावर खातो.” संध्याकाळी चारीतून पाणी आलं. अप्पांनी वहाण काढून त्यात पाय बुडवला आणि मग भाकरी मागितली.

“त्या साली आमचा गहू भिजला, ताई,” साळवेकाका म्हणाले. “अप्पांची बदली झाली. पण गहू भिजला.”

हे ऐकून मला भरून आलं. नाही असं नाही. पण सोमवारी शाळेत जाताना पुन्हा वाटलंच, की गहू भिजला हे ठीक, माझं म्हैसमाळ का कोरडं?

गेल्या मार्गशीर्षात अप्पांचा मुलगा पुण्याहून आला आणि ठरवून गेला. घर भाड्यानं द्यायचं, संक्रांतीनंतर अप्पांनी पुण्याला जायचं. अप्पांच्या पत्नी कौशल्याबाई मी इथे यायच्या आधीच गेल्या होत्या. एकट्या माणसाला किती दिवस ठेवायचं, हे मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. अप्पा आम्हाला एवढंच म्हणाले, “जायच्या आदुगर म्हैसमाळ करू.” आवाज नेहमीचाच होता, पण छत्रीचं टोक ते जमिनीत उगाचच खुपसत होते. तेव्हा मला कळलं की ही शेवटची संधी आहे, आणि या वेळी पोचायचंच.

मी डोकं चालवलं. पी.टी.चं डोकं. टेल पोचत नाही म्हणून कोणी पोचत नाही, मग टेलच तयार करायचा! महिनाभर मुश्ताकभाईंना रोज संध्याकाळी दुकान बंद करायला लावून शाळेच्या ग्राउंडवर आणलं. नवे बूट त्यांच्या मापाचे शोधून घ्यायला लावले. मी शिट्टी मारत मध्ये उभी आणि ते भोवती फेऱ्या घालतायत. खोखोच्या मुली खिदळायच्या. “मॅडम, मेरी अम्मीने बी मेरेकू इत्ता नै दौडाया,” असं म्हणत का होईना, त्यांनी केलं. पोट एक माप उतरलं. धाप न लागता गोष्ट सांगायला लागले. मी खूश होते. सगळ्या बाजूंनी विचार केला होता मी, एक बाजू सोडून.

निघायच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. अप्पांनी विचारलं, “आज टेल कोन?” सवयीनं मुश्ताकभाईंचा हात वर गेला. अप्पांनी स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

काय चालले त्या दिवशी मुश्ताकभाई! दौलताबाद मागे पडलं, कागजीपुरा गेला, घाट गेला, खुलताबादच्या त्या कट्ट्याजवळून जाताना त्यांनी कट्ट्याला सलाम ठोकला. गाव सोडून म्हैसमाळच्या रस्त्याला लागलो. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आणि तेवढ्यात साळवेकाकांची पाठ माझ्या अगदी नाकाशी आली. ते थबकले होते. मी बाजूनं डोकावून पाहिलं. मुश्ताकभाई पार पुढच्या वळणावर पोचलेले, आणि मध्ये अप्पा. एक पाय टाकायचे, छत्रीवर भार द्यायचे, मग दुसरा ओढायचे. छत्री मोडेल असं वाटत होतं.

साळवेकाका हळूच म्हणाले, “अप्पा, पुढं व्हा.”

“मी कामून? टेल मुश्ताक हाय.”

“आज नाही,” साळवेकाका म्हणाले. बस, एवढंच. पुढे गेलेल्या मुश्ताकभाईंना हाक मारून थांबवलं, आणि अप्पा सगळ्यांत पुढे झाले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. मान खाली घालून चालत होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. दर थोड्या वेळानं म्हणायचे, “खोळंबा होतोय का माझा?” आम्ही पावलं आणखी आखूड केली. टेलला घाई करायची नाही, हा त्यांचाच नियम होता.

एका वळणावर म्हैसमाळच्या माथ्यावरचा टीव्हीचा टॉवर दिसला. तिथे एका मोरीच्या कठड्यावर अप्पा बसले. गुडघा सुजून पँटच्या आत टम्म झाला होता आणि चेहरा राखेसारखा. पाणी प्यायले. टॉवरकडे बघत राहिले. मग जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं, अगदी टँकर कधी येणार हे सांगावं तसं.

“आमची मंडळी लई मागं लागायची. म्हैसमाळच्या देवीला, गिरजामायला, एकदा पायी जाऊ म्हनायची, दोघं मिळून. मी म्हनायचो, ही पाळी सरूं दे. एक सरली की दुसरी. पाळ्या काय सरत्यात व्हय? ती म्हनायची, तुमचं पानी लोकाच्या रानात, आन घर कोरडं.” त्यांनी सुजल्या गुडघ्यावर हात ठेवला. “गेली. म्हनलं, तिच्या वाटचं चालून यावं. हौस म्हना.”

माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. “अप्पा! एवढं होतं तर आधी का नाही बोललात? दोन वर्षांपूर्वी खुलताबादच्या वेशीत होतो आपण! पाय धड होते तुमचे! मुश्ताकभाईंना पाठंगुळी घेऊन गेलो असतो आम्ही!”

“म्हनूनच नाय सांगितलं,” अप्पा म्हणाले. “सांगितलं आसतं तर तुमी मला हेडला बसवलं आसतं. हेडवाल्याकडं कारन कायम आसतंय, मॅडम. आन खरं बी आसतंय. म्हनून तर टेलला पोचत नाय.”

मुश्ताकभाईंनी रुमालानं तोंड पुसायचा बहाणा केला. खालून एक जीप वर चालली होती, ती थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “बसा बाबा, वर सोडतो, लई लांब नाय आता.” अप्पांनी मान हलवली. “गाडीनंच न्यायचं आसतं तर तिलाच नेलं आसतं की तवा.” जीप गेली.

मग अप्पा म्हणाले, “तुमी तिघं जा. मी हितं बसतो.”

साळवेकाका त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले आणि सॅक काढून मांडीवर घेतली. मुश्ताकभाई दुसऱ्या बाजूला बसले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, ह्यांचं सोडा. तुमी जा. तुमाला कवाची घाई हाय. एकानं तरी जाऊन यावं. गिरजामायला सांगा, आलतो हितवर.”

पाच वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते हेच. तुम्ही पुढे जा. मी निघाले. रस्ता मोकळा होता, पाय ताजे होते, थंडीतलं ऊन सुखाचं होतं. वळण ओलांडलं आणि टॉवर एकदम मोठा दिसायला लागला. समोर कोणाची पाठ नव्हती. सेफ्टी पीन नव्हती. डोंगर होता, सगळा उघडा, पाहिजे तेवढा. आणि माझे पाय चालेनात. मी जोर लावला तरी चालेनात. असा संताप आला की रडू फुटलं. या माणसानं माझी चालच बिघडवून ठेवली होती. मी तिथल्या तिथे वळले आणि दाणदाण पाय आपटत परत आले.

“आलात कामून?” अप्पा ताडकन उभे राहायला गेले आणि कळ येऊन पुन्हा बसले.

“टेलला पाणी पोचलं नाही,” मी म्हटलं. रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडलेच. “कालवा कोरडा! मध्ये कितीही दिसू द्या!”

“आवो ते कालव्याचं झालं!” अप्पाही ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. “मानसाला कुठं लावायलात ते? मी मुद्दाम सांगायलोय, जा म्हनून!”

“टेलवाला कायम बोलता, जाने दो,” मुश्ताकभाई म्हणाले. “उसकू आदत रहती. आपनेच बोले थे ना, अप्पा? वो जीप में?”

अप्पांनी छत्री रस्त्यावर जोरात आपटली, तिची एक काडी खरंच मोडली, आणि त्यानंतर ते आमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चौघे एकमेकांवर चिडून त्या कठड्यावर बसलो होतो. कोणाचं काही चुकलेलं नव्हतं आणि कोणालाच हवं ते मिळालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेच्या मुली घेऊन जालन्याला स्पर्धांना गेले आणि परत यायच्या आत अप्पा पुण्याला गेले, त्यामुळे निरोप असा झालाच नाही. रविवारी फोन येतो. “गेलात का?” हा पहिला प्रश्न. “नाही. तुम्ही या, मग जाऊ.” “डॉक्टर नको म्हनतो चढाला.” “मग आम्हीही नाही.” “लई हट्टी बाई हाय,” असं तिकडे कोणाला तरी सांगून ते फोन ठेवतात. तिथल्या सोसायटीत लिफ्ट आली की ते म्हणे वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना आधी आत घालतात आणि इतरांना उभं करून ठेवतात. सुनेची तक्रार आहे. मी तिला म्हटलं, सवय होईल. होत नाही, पण म्हटलं. आम्ही तिघं अजून शरणापूरच्या गडावरच जातो, आणि निघताना टेल कोण हे विचारायचं काम आता साळवेकाकांकडे आहे.

अप्पांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, जीपमध्ये. तीच जीप वरून रिकामी परत आली. आता अप्पांना नाही म्हणता येईना, पाय टेकतच नव्हता. दोघांनी धरून त्यांना मागे चढवलं. फाळक्याच्या अगदी कडेची जागा त्यांनी घेतली. मी त्यांच्यामागे चढायला गेले तर त्यांनी मोडकी छत्री आडवी धरली आणि तिच्या टोकानं ड्रायव्हरशेजारची जागा दाखवली. बोलायचं नव्हतंच ना माझ्याशी.

मी पुढे बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांत पुढे, आणि समोर फक्त खाली जाणारा रस्ता. जीप सुटली. चालताना कधीही मागे वळून न बघणारा माणूस आता काय करतोय, म्हणून मी बाजूच्या आरशात पाहिलं. अप्पा फाळक्यातून बाहेर झुकून टॉवरकडे बघत होते. वळणावर तो लपला की आणखी वाकायचे, दिसला की सावरून बसायचे. साळवेकाकांनी मागून त्यांचा शर्ट मुठीत गच्च धरला होता. आरशात मला अप्पांची पाठ तेवढी दिसत होती, आणि खुलताबाद येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले.